‘काही लागलं तर सांगा’ : महाराष्ट्र मंडळांना एक खुलं पत्र

उत्तर अमेरिकेतल्या सर्व महाराष्ट्र मंडळांचे अध्यक्ष, कार्यकारिणी सदस्य आणि स्वयंसेवक यांस,

सप्रेम नमस्कार.

गणपतीच्या तयारीच्या बैठका आता सुरू झाल्या असतील. शाळेचा हॉल मिळाला का, ढोल-ताशा पथक कुठलं, मोदक किती सांगायचे, भारतातून येणाऱ्या कलाकारांच्या व्हिसाचं कुठवर आलं. मी स्वतः चार वर्षं भोजन समितीत होते, त्यामुळे या बैठका रात्री साडेअकरापर्यंत कशा रंगतात ते मला ठाऊक आहे. वर्षभराचा खर्च याच दिवसांत ठरतो, म्हणून हे पत्र आत्ता लिहिते आहे. माझं मागणं एकच आहे. आपल्यापैकी कोणाचं मूल गंभीर आजारी पडलं, तर त्या घराच्या मागे उभी राहील अशी कायमची व्यवस्था मंडळांनी उभारावी. अशी व्यवस्था मी फार जवळून पाहिली आहे. ती आमच्यासाठी नव्हती, शेजारच्या खाटेसाठी होती.

ऑगस्ट २०१६. माझा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. पंधरा दिवस तो मलूल होता, पायांवर निळे डाग दिसत होते, आणि आम्ही धरून चाललो होतो की सुट्टीत धडपडतोय. शेवटी रक्त तपासलं आणि त्याच संध्याकाळी आम्हाला मॅनहॅटनमधल्या एका मोठ्या रुग्णालयात पाठवलं गेलं. निदान झालं : अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. लहान मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग तो हाच. आता इथे दहातली नऊ मुलं यातून बरी होतात, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. पण आईला त्या वेळी दहावं मूलच दिसत असतं. मुलग्यांचे उपचार तेव्हा तीन वर्षांहून जास्त चालायचे. छातीत कॉलरच्या हाडाखाली पोर्ट, म्हणजे शिरेत औषध सोडण्यासाठीची छोटी डबी, बसवलं, पहिल्या महिन्याची केमो सुरू झाली, मध्येच ताप आला आणि मुक्काम लांबला.

बातमी कळल्यावर फोन सुरू झाले. ‘काही लागलं तर सांगा हं, अगदी निःसंकोच.’ हे वाक्य पहिल्या आठवड्यात मी किती जणांकडून ऐकलं त्याची गणती नाही. प्रत्येकाने मनापासून म्हटलं होतं. मीही आयुष्यभर दुसऱ्यांना हेच म्हणत आले होते. त्या खुर्चीत बसल्यावर मात्र कळलं की सांगण्यासाठी आधी आपल्याला काय लागतंय हे उमगावं लागतं, आणि डोकं तर बधिर झालेलं असतं. मग कोणाला सांगायचं ते ठरवायचं. त्याला जमेल का, त्याच्या घरी अडचण होईल का, मागच्या वेळी त्याच्याचकडून मदत घेतली होती का, हा सगळा हिशेब मनात मांडायचा. आणि एवढं झाल्यावर तोंड उघडायचं. कोणापुढे हात पसरायचा नाही, या शिकवणीत वाढलेली माणसं आपण. मी कोणालाच काही सांगितलं नाही.

खोलीत दोन खाटा होत्या, मध्ये पडदा. पलीकडे सात वर्षांचा एक मुलगा होता, ब्रुकलिनमधल्या कर्मठ ज्यू घरातला, कानांजवळ लांब बटा असलेला. त्या बटा केमोने जातील म्हणून त्याची आई रडत होती, हे मला पहिल्या रात्री पडद्याआडून कळलं. घरी त्याला आणखी पाच भावंडं होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिच्याकडे एक बाई आली. पन्नाशीची असावी. हातात दोन पिशव्या होत्या. तिने विचारपूस करत बसण्याऐवजी पिशव्या रिकाम्या करायला घेतल्या. फोन चार्ज करायची लांबच लांब वायर, कारण रुग्णालयातला प्लग नेहमी खाटेच्या मागे असतो. जाड मोजे. ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये झाकलेलं गरम जेवण, सूप. एक वही आणि पेन. मग तिने तीनच प्रश्न विचारले. मुलांना शाळेतून कोण आणतंय? शुक्रवारी रात्री तुम्ही दोघं कुठे राहणार आहात? तू शेवटची कधी झोपलीस? उत्तरं वहीत लिहून घेतली, बाहेर जाऊन दोन फोन केले आणि परत येऊन सांगितलं, ‘उद्यापासून मुलांची ने-आण होईल, शुक्रवारची खोली ठरली आहे, आज रात्री दहा ते दोन मी इथे बसते, तू झोप.’ सगळं मिळून चाळीस मिनिटं लागली असतील. ‘काही लागलं तर सांगा’ हे तिने एकदाही म्हटलं नाही.

ट्रेची गोष्ट किरकोळ वाटेल, पण मला ती विसरता येत नाही. आपल्याकडे कोणी डबा दिला तर तो धुऊन, पुसून, शिवाय रिकामा न पाठवता परत करायचा असतो. त्या महिन्यात ज्यांनी आम्हाला प्रेमाने डबे दिले, त्यांच्या स्टीलच्या डब्यांची चळत आमच्या ओट्यावर साठली होती. कोणाचा कुठला हे आठवत नव्हतं आणि परत पाठवताना त्यात काय घालू हे सुचत नव्हतं. पलीकडचे ट्रे जेवण झालं की कचऱ्यात जायचे. ते कोणी मागायला येणार नव्हतं.

ती बाई ‘खाय लाइफलाइन’ या संस्थेची स्वयंसेविका होती. इंग्रजीत ते Chai असं लिहितात, पण चहाशी या नावाचा काही संबंध नाही. हिब्रूत ‘खाय’ म्हणजे जीवन. त्या भाषेत अक्षरांना आकड्यांचं मोल असतं. या शब्दातल्या दोन अक्षरांचं मोल ८ आणि १०, मिळून १८. म्हणून ज्यू माणसं आहेर किंवा देणगी १८, ३६, १८० डॉलर अशी देतात, आपण १०१ आणि ५०१ देतो तशी. संस्था १९८७ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली आणि तिचं मूळ आहे कर्करोग झालेल्या मुलांसाठीच्या उन्हाळी शिबिरात. ते शिबिर आजही न्यूयॉर्क राज्यातल्या ग्लेन स्पे या गावी भरतं. त्याचं नाव ‘कॅम्प सिम्खा’, म्हणजे आनंदाचं शिबिर. मुलांचं वेगळं सत्र, मुलींचं वेगळं. डॉक्टर-नर्स चोवीस तास तिथे मुक्कामाला, केमोचा डोस चुकवायचा नसेल तर तो शिबिरातच दिला जातो. मुलांमागे जवळजवळ एकास एक या प्रमाणात तरुण स्वयंसेवक असतात. दीर्घकाळच्या इतर आजारांच्या आणि अपंगत्व असलेल्या मुलांसाठी पुढे वेगळं शिबिर सुरू झालं. कुटुंबाकडून एक पैसा घेतला जात नाही. पैसा उभा राहतो देणग्यांतून आणि वर्गणीतून. शेकडो माणसं सायकल चालवत त्या शिबिरापर्यंत जातात आणि त्यासाठी आपापल्या ओळखीपाळखीतून निधी गोळा करतात. शिबिराच्या पलीकडे वर्षभराचं काम आहेच : समुपदेशन, रुग्णालयात जेवण, गाड्या, बुडालेल्या अभ्यासासाठी शिकवणी, विम्याच्या कागदपत्रांत मदत आणि भावंडांसाठी स्वतंत्र उपक्रम.

लंडनमध्येही कॅम्प सिम्खा याच नावाची संस्था ब्रिटनमधल्या ज्यू कुटुंबांसाठी असंच काम करते. जेरुसलेममध्ये ‘झिखरोन मेनाखेम’ आहे. रक्ताच्या कर्करोगाने गेलेल्या मेनाखेम या मुलाच्या आई-वडिलांनी ती १९९० साली त्याच्या नावाने सुरू केली. तिथे मुली आपले लांब केस कापून आजारी मुलांच्या टोपांसाठी देतात.

मी अलिबागची. इस्राएल आळी आमच्या घरापासून पाच मिनिटांवर. तिथे राहणाऱ्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू लोकांना आजी ‘शनवार तेली’ म्हणायची, कारण तेलाचे घाणे चालवणारी ही माणसं शनिवारी काम बंद ठेवत. मागेन आबोथ सिनेगॉगवरून, म्हणजे त्यांच्या प्रार्थनास्थळावरून, शाळेत जायचो, आणि घरोघरी मराठी बोलणारे हे लोक वेगळे कोणी आहेत असं कधी वाटलंच नाही. त्यामुळे पहिल्या शुक्रवारी पलीकडच्या आईने विजेवरच्या दोन छोट्या मेणबत्त्या लावल्या (ऑक्सिजनमुळे खऱ्या ज्योतीला परवानगी नव्हती), तेव्हा मी पडदा सारून तिला म्हटलं, ‘आमच्या गावात शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा पवित्र दिवस) मराठीत पाळतात.’ तिला खरंच वाटेना. मग मी एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने करतात त्या मलिद्याबद्दल सांगितलं, गोड पोहे, खोबरं, वेलची, फळं. आमचा पडदा त्या दिवसापासून अर्धा उघडाच राहिला.

शुक्रवारच्या खोलीचं कोडंही तेव्हाच उलगडलं. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत हे लोक गाडीत बसत नाहीत. जिवावर बेतलं असेल तर सगळे नियम बाजूला ठेवायचे, हाही त्यांचाच नियम, पण नुसतं घरी जाऊन झोपण्यासाठी गाडी काढता येत नाही. म्हणून मोठ्या रुग्णालयांपासून चालत जाता येईल अशा अंतरावर समाजाने घरं घेऊन ठेवली आहेत. कित्येक रुग्णालयांत एक खोलीही असते, तिच्या कपाटात आणि फ्रिजमध्ये कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांनुसार बनवलेलं, जेवण सतत भरलेलं. कोणीही ज्यू नातेवाईक जातो आणि घेतो, नाव विचारलं जात नाही. विल्यम्सबर्गच्या सातमार पंथाच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या ब्रुकलिनमध्ये स्वयंपाक करून मॅनहॅटनच्या रुग्णालयांत पोचवत आल्या आहेत.

हे सगळं कुठून येतं, असं मी त्या मुलाच्या आजोबांना विचारलं. पांढरी दाढी, हळू बोलणारे, रोज दुपारी येऊन खाटेपेक्षा खाली, एका बुटक्या स्टुलावर बसायचे. ते म्हणाले, आजाऱ्याला भेटणं याला आमच्याकडे शब्द आहे, बिक्कुर खोलिम, आणि ते ऐच्छिक नाही, कर्तव्य आहे. तालमुद या आमच्या धर्मग्रंथात म्हटलं आहे की भेटायला येणारा माणूस आजाऱ्याच्या दुःखाचा साठावा भाग घेऊन जातो. खाली बसण्याचं कारणही त्यांनी सांगितलं : आजाऱ्याच्या उशाशी देवाचं सान्निध्य असतं, म्हणून त्याच्याहून उंच आसनावर बसू नये. दिवसाच्या पहिल्या तीन तासांत जाऊ नये, कारण तेव्हा आजारी माणूस बरा दिसतो आणि आपण त्याच्यासाठी प्रार्थना करायचं विसरतो. शेवटच्या तीन तासांत जाऊ नये, कारण तेव्हा तो इतका खालावलेला दिसतो की आपलीच आशा सुटते. मग त्यांनी रब्बी अकिवा या प्राचीन काळच्या धर्मगुरूंची गोष्ट सांगितली. त्यांचा एक शिष्य आजारी पडला, त्याला बघायला कोणी जाईना. अकिवा स्वतः गेले. ते आले म्हणून ती खोली झाडली गेली, पाणी शिंपडलं गेलं, आणि शिष्य उठून बसला. ‘गुरुजी, तुम्ही मला जिवंत केलंत.’

त्या गोष्टीत मंत्र नाही, औषध नाही. केर काढला गेला आहे. मला ही गोष्ट फार आवडली, कारण आजारी मुलाच्या घरी खरोखर तेच लागतं. केर काढणारं कोणी. कपड्यांचा ढीग मशीनला लावणारं कोणी. रात्री तीन वाजता, स्टिरॉइडच्या भुकेने, ‘आत्ताच्या आत्ता पिठलं-भात’ म्हणून पोर आक्रोश करतं तेव्हा फ्रीजमध्ये ते करून ठेवलेलं असणं. आपल्याकडे भेटायला जातात ते चार-पाच जण मिळून, बसतात, आणि बोलता बोलता आपल्या ओळखीतल्या कोणाला कसा कॅन्सर झाला होता ते सांगतात. कोणाच्या मनात वाईट नसतं. काय करायचं हे कोणी शिकवलेलंच नसतं.

आता मुख्य गोष्टीकडे येते. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. आम्ही दोघं आळीपाळीने रुग्णालयात, त्यामुळे तीन आठवड्यांत ती पाच घरी राहिली. सगळ्यांनी तिला पोटच्या पोरीसारखं सांभाळलं, याबद्दल मी जन्मभर ऋणी आहे. पण कोणाकडे किती दिवस हे ठरलेलं नसायचं, रोज दुपारी फोनाफोनी व्हायची, आणि ते तिच्या कानावर पडायचं. एक दिवस तिचं दप्तर आवरताना मला वह्यांच्या मागे घडी घातलेला टॉवेल सापडला. दातांचा ब्रश, प्लास्टिकच्या पिशवीत कपड्यांचा एक जोड. विचारलं तर म्हणाली, ‘आज कुठे झोपायचं ते माहीत नसतं ना, म्हणून बरोबरच ठेवते.’

दर मंगळवारी पलीकडच्या मुलाच्या नऊ वर्षांच्या बहिणीसाठी एक कॉलेजमधली मुलगी यायची. आजारी मुलासाठी नव्हे, बहिणीसाठी. संस्थेत याला ‘बिग सिस्टर’ म्हणतात, आपल्या भाषेत ताई. ताई तिला शाळेतून घ्यायची, आईस्क्रीम द्यायची, गृहपाठ करून घ्यायची, मग वॉर्डच्या बैठकीच्या खोलीत दोघी मण्यांच्या माळा करत बसायच्या. दोन तास ती मुलगी सांगेल ते. माझी लेक दारात उभी राहून बघायची. तिसऱ्या मंगळवारी त्या ताईने तिलाही बोलावलं, मणी दिले. परत येऊन लेक माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, ‘आई, आपल्याकडे अशी ताई का नसते?’

या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. हे पत्र त्याच प्रश्नासाठी आहे.

त्या वर्षी गणेश चतुर्थी ५ सप्टेंबरला, सोमवारी होती आणि योगायोगाने त्याच दिवशी इथली लेबर डेची सुट्टी होती. मुलाच्या पांढऱ्या पेशी तळाला गेल्या होत्या, गर्दी बंद, ताजी फुलंसुद्धा खोलीत आणायला बंदी. त्याने कागदाचा गणपती केला, लेकीने क्रेपच्या कागदाचं जास्वंद. व्हॉट्सअॅपवर आरतीचे, मोदकांचे फोटो येत राहिले. त्याच सुमारास एका गटावर कोणीतरी आमच्या मुलाचं नाव, आजाराचं नाव आणि रुग्णालयाचं नाव टाकून ‘प्रार्थना करा’ असं लिहिलं. तासाभरात साठेक हात जोडलेली चित्रं आली. आम्ही तोपर्यंत भारतात आजी-आजोबांनाही कॅन्सर हा शब्द सांगितला नव्हता. रात्री अलिबागहून फोन आला, तो कसा आला ते तुम्ही समजू शकाल. ज्याने लिहिलं त्याला मी दोष देत नाही. आजार लपवण्याची ओढ त्या समाजातही आहे. तिथे भावंडांची लग्नं जमायला अडचण होईल ही धास्ती असते. म्हणूनच त्या पन्नाशीच्या बाईच्या वहीतला शब्द कधी बाहेर गेला नाही. एक माणूस, एक वही, आणि कुटुंबाने हो म्हटल्याशिवाय कुठेही नाव नाही. मदतीइतकीच ही शिस्त मला मोलाची वाटते.

पुढची दोन वर्षं घरी गोळ्यांची होती. रोज रात्री मरकॅप्टोप्युरिन, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट. रात्रीची गोळी रिकाम्या पोटी, तिच्या आसपास दूध नाही, असं आम्हाला तेव्हा सांगितलं होतं. त्यामुळे झोपताना कपभर दूध पिण्याची त्याची सवय मोडावी लागली. त्या गोळीची पार्श्वभूमी मी अशाच एका रात्री वाचली. ती तयार करण्यात गरट्रूड एलियन यांचा मोठा वाटा. न्यूयॉर्कमधल्या स्थलांतरित ज्यू घरातली ही मुलगी. आजोबा कर्करोगाने गेले ते बघून वयाच्या १५व्या वर्षी रसायनशास्त्राकडे वळली आणि १९८८ साली नोबेल मिळवलं. आणि मुलांच्या ल्युकेमियावर पहिल्यांदा औषधाचा उतार पडला तो १९४८च्या सुमारास बॉस्टनमध्ये सिडनी फार्बर यांच्या हातून. फार्बरही ज्यू. त्यांना ते औषध बनवून दिलं होतं आंध्रातून आलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेने. मेथोट्रेक्सेट हे त्याच औषधाचं धाकटं भावंड. ‘ते लोक वेगळे, त्यांचं त्यांच्यापाशी’ असं कोणी म्हणालं की मला त्या दोन बाटल्या आठवतात.

हे मी आपल्या काही जाणत्या मंडळींना यापूर्वी बोलून दाखवलं आहे, तेव्हा उत्तरं आली ती खोटी नव्हती. त्यांचा समाज एका वस्तीत दाटीने राहतो, आपण पन्नास मैलांवर विखुरलेले. त्यांच्याकडे धर्माची आज्ञा आहे, पिढ्यांचा पैसा आहे. इथे आपली पहिली पिढी अजून नोकरीच्या आणि व्हिसाच्या चिंतेत. खरं आहे. पण शिकागोचं महाराष्ट्र मंडळ १९६९चं आहे, बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१चं, म्हणजे खाय लाइफलाइनपेक्षा जुनं. दर दोन वर्षांनी हजारो माणसांचं अधिवेशन आपण निव्वळ स्वयंसेवकांच्या बळावर पार पाडतो. दोन हजार पानं वेळेवर वाढणाऱ्यांना एका घराला आठवड्यातून तीनदा जेवण पोचवणं अवघड नाही. आणखी एक आक्षेप असतो, की ही संस्था मुख्यतः आपल्याच लोकांसाठी काम करते, हे संकुचित नाही का. मला तसं वाटत नाही. कोशर जेवण, शब्बाथ, लग्नाची धास्ती, या गरजा रुग्णालय कितीही चांगलं असलं तरी त्याला कळत नाहीत. आपल्याही अशा गरजा आहेत आणि त्या आपल्याशिवाय कोणाला कळणार नाहीत.

उदाहरणं देते. एच-४ व्हिसावरच्या, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या, आईला बहुतेकदा नोकरी करता येत नाही, कधी गाडी चालवता येत नाही, आणि नवऱ्याची नोकरी गेली तर विमा आणि व्हिसा दोन्ही जातात, म्हणून तो मुलाच्या केमोच्या दिवशीही लॅपटॉप उघडून बसतो. कायद्याने मिळणारी बारा आठवड्यांची रजा बिनपगारी असते, आणि ती लागू व्हायलाही त्याच नोकरीत वर्ष पूर्ण व्हावं लागतं, कंपनी पन्नास माणसांची तरी असावी लागते. हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. आजी-आजोबांना बोलवायचं तर व्हिसासाठी रुग्णालयाचं पत्र कसं मागायचं, तेही नाही. विम्याचे कागद येतात, त्यावर ‘हे बिल नाही’ असं छापलेलं असतं आणि आकडा पाहून छाती दडपते. ते वाचून शांतपणे समजावणारी चार माणसं प्रत्येक मंडळात आहेत. त्यांना कोणी विचारलेलं नाही, इतकंच.

म्हणून मंडळांनी एक फोन नंबर ठेवावा, आणि तो एकाच विश्वासू माणसाकडे असावा, कार्यकारिणी बदलली तरी न बदलणारा. त्याच्या मागे दहा-बारा जणांची यादी, ज्यांनी आधीच सांगून ठेवलं आहे की मी गुरुवारी गाडी चालवेन, मी रविवारी स्वयंपाक करेन, मी विम्याचे कागद बघेन. स्वयंपाक कमी तिखटाचा, कारण केमोने तोंडात फोड येतात आणि वरणभातसुद्धा झोंबतो. ट्रेमध्ये, परत न मागण्याचा. ज्याला ताप असेल, खोकला असेल त्याने त्या घरी जाऊच नये, हा नियम कडक पाळायचा. पांढऱ्या पेशी खाली असताना साधा ताप म्हणजे रात्री दोन वाजता इमर्जन्सी असते. रुग्णालयातल्या सामाजिक कार्यकर्त्यांकडे हा नंबर देऊन ठेवायचा, म्हणजे मंडळाचं सदस्यत्व नसलेलं, कालच आलेलं घरही सुटणार नाही. कॉलेजातली आपली मुलं समाजसेवेचे तास शोधत असतात, त्यांना रीतसर शिकवून, पार्श्वभूमी तपासून भावंडांकडे पाठवायचं. आणि हे एखाद्या वाढदिवसापुरतं नाही, उपचार चालतील तितकी वर्षं. सहा महिन्यांनी सगळ्यांना वाटतं की आता केस परत आले, बरं दिसतंय. घर तेव्हाच सर्वांत थकलेलं असतं.

गणपतीच्या हॉलमध्ये एक टेबल मला आणखी हवं आहे. ज्या रुग्णांना मूळ पेशींचं (रक्त तयार करणाऱ्या पेशींचं) दान लागतं, त्यांना घरात जुळणारं कोणी नसेल तर बहुतेकदा आपल्याच वंशातला अनोळखी दाता शोधावा लागतो, आणि दात्यांच्या नोंदवहीत भारतीय नावं फार कमी आहेत. ज्यू समाजाने हे दुखणं ओळखलं. १९९१ साली न्यू जर्सीच्या जे फाइनबर्ग या तरुणाला ल्युकेमिया झाला. त्याच्यासाठी गावोगाव शिबिरं भरली, हजारो लोकांची तपासणी झाली, १९९५ साली दाता मिळाला, आणि तीच खटपट पुढे ‘गिफ्ट ऑफ लाइफ’ ही नोंदवही झाली. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवायला एक मिनिट लागतं. प्रसादाच्या रांगेत उभी असलेली आपली तरुण मुलं एवढा वेळ सहज देतील.

यातलं काही करण्यासाठी कार्यक्रम बंद करा असं मी म्हणत नाही. आरतीला हॉल भरलेला मला हवाच आहे. तीन वर्षं आम्ही त्याला मुकलो. २०१९च्या शेवटी मुलाची शेवटची गोळी झाली, आता तो चौदा वर्षांचा आहे आणि ढोल वाजवतो. पलीकडच्या खाटेवरचा मुलगाही बरा आहे. त्याची आई दर वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, त्यांच्या नव्या वर्षाला मधाची बाटली पाठवते. मी तिला दिवाळीला अनारसे पाठवत नाही, कारण माझं स्वयंपाकघर कोशर नाही. फळं पाठवते.

पुढच्या बैठकीत माझ्यासाठी पंधरा मिनिटं ठेवा. मी गुरुवारची गाडी आणि रविवारचा स्वयंपाक घेऊन येते, विम्याच्या कागदांसाठी माझा नवरा तयार आहे. आणि ताईंच्या यादीतलं पहिलं नाव माझ्या लेकीचं लिहा. ती आता सतरा वर्षांची आहे, परवाच गाडी चालवायचा परवाना मिळाला. मंगळवारची दुपार तिने मोकळी ठेवली आहे.

आपली,
मंडळाची एक जुनी सदस्य
न्यू जर्सी (मूळ अलिबाग)